ठिपका सिलिकॉनचा, रंग पृष्ठभागाचा

दोन अंकांपूर्वी याच सदरात क्वांटम डॉटविषयीच्या, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक स्फटिककणांविषयीच्या, एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते की कण जितका लहान, तितका त्याचा प्रकाश तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. ज्या कामासाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या संदर्भात ते विधान बरोबर होते. सिलिकॉनच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहे, आणि हे अपुरेपण वाचकांनी पत्रे पाठवून नेमके दाखवून दिले. या वेळचे सदर त्या पत्रांतील निवडक प्रश्नांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : सिलिकॉनपासून डायोड, ट्रान्झिस्टर आणि सौरघट बनतात, पण एलईडी बनत नाही, कारण सिलिकॉन प्रकाश देत नाही, असे आम्ही बारावीला शिकवतो. मग सिलिकॉनचे क्वांटम डॉट प्रकाश कसे देतात? वर्गात सांगतो ते चूक आहे का?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सातारा

उत्तर : वर्गात सांगता ते चूक नाही. ते सिलिकॉनच्या मोठ्या तुकड्याला लागू आहे, आणि ज्या कारणाने लागू आहे तेच कारण पुढील सगळ्या उत्तरांच्या मुळाशी असल्यामुळे येथे जरा सविस्तर सांगतो.

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की संयुजा पट्ट्यातील (बंधांत गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांतील) इलेक्ट्रॉन वरच्या संवहन पट्ट्यात (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांत) जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. इलेक्ट्रॉन पुन्हा त्या होलमध्ये येऊन पडला की सुटणारी ऊर्जा फोटॉनच्या रूपाने बाहेर पडू शकते. सिलिकॉनमध्ये या दोन पट्ट्यांतील अंतर खोलीच्या तापमानाला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे प्रकाश निघालाच, तर तो सुमारे ११०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. पण तोही सहसा निघत नाही, कारण संवहन पट्ट्याच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग आणि संयुजा पट्ट्याच्या माथ्यावरील होलचा संवेग जुळत नाहीत. ही तफावत भरून काढण्याइतका संवेग फोटॉनजवळ नसतो. त्यासाठी स्फटिकजाळीचे एखादे कंपन, म्हणजे फोनॉन, त्याच क्षणी सामील व्हावे लागते. असा योग क्वचित जुळून येतो. तोवर इलेक्ट्रॉन स्फटिकात भटकत राहतो, आणि वाटेत एखाद्या दोषाशी त्याची गाठ पडली की आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावून बसतो.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन-होल जोडीचा स्वाभाविक विस्तार, म्हणजे तिची बोर त्रिज्या, चार ते पाच नॅनोमीटर असते. कण त्याहून लहान झाला की ही जोडी कोंडली जाते आणि पट्ट्यांमधील अंतर वाढते; म्हणून सुमारे ३ नॅनोमीटरच्या कणाचा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या भागात येतो. कोंडलेल्या जोडीचा संवेग काटेकोर राहत नाही, त्यामुळे संवेगाची अट थोडी सैल होते. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. इलेक्ट्रॉनला आता भटकायला जागाच उरत नाही. मोठ्या स्फटिकात एक दोष आजूबाजूच्या असंख्य इलेक्ट्रॉनांना गिळतो, पण कणांच्या गर्दीत तो फक्त आपल्या एका कणाला विझवतो आणि शेजारचे निर्दोष कण उजळत राहतात.

हे प्रत्यक्ष दिसले ते सच्छिद्र सिलिकॉनमध्ये. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेत आर्थर उहलिर हे हायड्रोफ्लुओरिक आम्लात सिलिकॉनला विद्युत-रासायनिक पद्धतीने झिलई देत असताना पृष्ठभागावर एक रंगीत थर चढलेला त्यांना आढळला होता. त्या थरात अतिसूक्ष्म छिद्रे असतात हे पुढे कळले, पण त्याच्या प्रकाशाकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. १९९० मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ली कॅनहॅम यांनी हाच थर आम्लात आणखी कोरून छिद्रांमधील भिंती इतक्या पातळ केल्या की खोलीच्या तापमानाला सिलिकॉन डोळ्यांना दिसेल असा तांबडा उजळला. तेव्हा वर्गात एवढे जोडावे, की सिलिकॉन प्रकाश देत नाही हे खरे, पण तो कोंडून ठेवला नाही तोपर्यंतच.

प्रश्न : सिलिकॉनचे कण तयार करून त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन बसवला. पहिल्या दिवशी अतिनील दिव्याखाली ते सुंदर तांबडे दिसले, आठवड्याने प्रकाश जवळजवळ गेला. आमच्या शेजारच्या गटाचे कॅडमियम सेलेनाइडचे कण मात्र महिनोन्‌महिने टिकतात. आमचे काय चुकते?
— संशोधक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपले काही चुकले असेल असे मला वाटत नाही, सिलिकॉन असाच वागतो. का, ते आकड्यांतून पाहू.

३ नॅनोमीटर व्यासाच्या कणात सिलिकॉनचे साधारण ७०० अणू मावतात आणि त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक अणू पृष्ठभागावर असतात. आतील प्रत्येक अणूला चार शेजारी आणि चार बंध असतात. पृष्ठभागावरील अणूचा एखादा किंवा दोन हात मोकळे राहतात. ते हायड्रोजनने, कार्बनने किंवा ऑक्सिजनने धरले तर ठीक. एक जरी हात मोकळा राहिला, तर त्या मोकळ्या बंधाची ऊर्जापातळी पट्ट्यांच्या अंतराच्या साधारण मध्यावर येते, इलेक्ट्रॉन तेथे अडकतो आणि तेथूनच प्रकाश न देता होलमध्ये उतरतो. तीन बाजूंनी सिलिकॉन आणि चौथी बाजू मोकळी अशी ही जागा सिलिकॉन आणि त्याचे ऑक्साइड यांच्या सीमेवर हमखास आढळते. मोकळ्या बंधात एक एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे इलेक्ट्रॉन फिरक संस्पंदनाच्या उपकरणात ती मोजताही येते. कणामागे अशी एक जागा पुरेशी असते. तो कण काळा पडतो.

असा मोकळा बंध सिलिकॉनचा घात करतो आणि तितकाच दोष कॅडमियम सेलेनाइडला फारसा बाधत नाही, याचे कारण पहिल्या उत्तरात आले आहे. सिलिकॉनच्या कणात संवेगाची अट सैल झाली तरी पूर्ण सुटत नाही, म्हणून उत्तेजित इलेक्ट्रॉनला प्रकाश देऊन खाली यायला दहा-वीस ते शेकडो मायक्रोसेकंद लागतात. कॅडमियम सेलेनाइडमध्ये तेच काम सुमारे २० नॅनोसेकंदांत उरकते. गळकी घागर घेऊन शेजारच्या अंगणापर्यंत जायचे असेल तर फारसे पाणी सांडत नाही. तीच घागर घेऊन दोन कोस चालायचे असेल तर ती रिकामी होऊनच घरी पोचते. गळती सारखीच, पण वाट लांब.

आता याचे गणित मांडा. समजा, पृष्ठभागावरील एखादा दोष इलेक्ट्रॉनला सरासरी १ मायक्रोसेकंदात गिळतो. सिलिकॉनच्या कणाला प्रकाश द्यायला १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर शोषलेल्या १०० फोटॉनांमागे जेमतेम एक फोटॉन बाहेर येईल. दोष तोच आणि गिळण्याचा वेग तोच, पण प्रकाश द्यायला २० नॅनोसेकंद लागत असतील तर १०० पैकी ९८ बाहेर येतील. पृष्ठभागाची जी स्वच्छता कॅडमियमच्या कणाला चालून जाते, ती सिलिकॉनला पुरत नाही, असे मी वारंवार सांगतो ते यामुळेच.

आपल्या कणांवरील हायड्रोजनने पहिल्या दिवशी सगळे हात धरले होते. नंतर हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प यांनी पृष्ठभागाखालील सिलिकॉन-सिलिकॉन बंधांत शिरकाव केला. खोलीच्या तापमानाला हळूहळू चढणारे हे ऑक्साइड ओबडधोबड असते आणि चढताना मागे मोकळे बंध ठेवत जाते. ऑक्साइड स्वतः शत्रू नाही; उच्च तापमानाला नीट वाढवलेले आणि नंतर हायड्रोजनमिश्रित वायूत तापवलेले ऑक्साइड सिलिकॉनचे उत्तम रक्षण करते. चिप बनवणारे कारखाने ट्रान्झिस्टरच्या सीमेवरील हेच मोकळे बंध बुजवण्यासाठी हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनमध्ये ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, तापवतात, आणि ऑक्साइडमध्ये रुतलेल्या सिलिकॉन कणांवर हाच उपाय केला की त्यांचा प्रकाश वाढतो. द्रवात तरंगणाऱ्या कणांना ही भट्टी परवडत नाही. त्यांच्यासाठी कार्बनचा मार्ग आहे. तो पुढे एका पत्राच्या उत्तरात आला आहे.

प्रश्न : एका ठिकाणी ३ नॅनोमीटरचे सिलिकॉन कण तांबडा प्रकाश देतात असे वाचले, दुसऱ्या ठिकाणी साधारण तेवढेच कण निळा प्रकाश देतात असे. आकारावरून रंग ठरत असेल तर दोहोंपैकी कोणाचे मोजमाप चुकले?
— अभियंता, ठाणे

उत्तर : कोणाचेच चुकलेले असण्याची गरज नाही. हा प्रश्न या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत चुरशीचा वाद आहे. कॅनहॅम यांच्या शोधानंतर लगेचच काही शास्त्रज्ञांनी असा पक्ष मांडला की तांबडा प्रकाश कोंडलेल्या सिलिकॉनचा नसून पृष्ठभागावर तयार झालेल्या सिलॉक्झीन नावाच्या, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या संयुगाचा आहे. हे संयुग १९ व्या शतकापासून ठाऊक होते आणि तेही प्रकाश देते. सिलॉक्झीनचा पक्ष पुढे मागे पडला, परंतु प्रकाश गाभ्यातून येतो की कातडीतून, हा त्यामागचा प्रश्न टिकून राहिला.

त्याचे एक ठोस उत्तर १९९९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठ आणि फ्रान्समधील सहकारी यांच्या प्रयोगातून आले. त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या कणांचे सच्छिद्र सिलिकॉन बनवले आणि ते ऑक्सिजनपासून दूर, आर्गॉन वायूत ठेवले. तेथे आकाराचा नियम व्यवस्थित पाळला गेला. कण लहान होत गेले तसा रंग तांबड्यापासून थेट निळ्यापर्यंत गेला. मग तेच नमुने हवेत उघडले. निळे आणि हिरवे दिसणारे नमुने नारिंगी-तांबड्याकडे घसरू लागले, आणि सर्वांत लहान कणांची घसरण १ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचली. ३ नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मात्र जवळजवळ जागचे हलले नाहीत. हवा लागल्यावर कण कितीही लहान केला तरी प्रकाशाची ऊर्जा सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे ५९० नॅनोमीटरच्या नारिंगी-पिवळ्या रंगाच्या, पुढे जाईना.

हे असे समजून घ्यावे. ऑक्सिजन सिलिकॉनशी जोडला गेला की त्या बंधाच्या जागी एक नवी ऊर्जापातळी तयार होते. ही पातळी एका अणूच्या आसपास घट्ट बांधलेली असल्यामुळे कण लहान-मोठा केल्याने ती फारशी हलत नाही. मोठ्या कणात तिची जागा पट्ट्यांच्या आत पडते, म्हणून तिचा उपद्रव होत नाही. कण लहान होत गेला की पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात आणि ही पातळी मधल्या अंतरात उघडी पडते. मग इलेक्ट्रॉन आधी तिच्यावर उतरतो आणि तेथून प्रकाश देतो. फार लहान कणांत होलही अशाच पातळीत अडकते. ओहोटीच्या वेळी समुद्र मागे हटला की खडक दिसू लागतो, पण खडक आधीपासून तेथेच असतो, तसे हे आहे. ती पातळी ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाची की दोन सिलिकॉनांमध्ये पूल बांधणाऱ्या ऑक्सिजनची, यावर सिद्धांत मांडणाऱ्यांत मतभेद आहेत. रंग ऑक्सिजनमुळे अडतो, यावर मात्र फारसे दुमत राहिलेले नाही.

राहिला निळा रंग, आणि येथे वाचकाने विशेष सावध राहावे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील जोनाथन व्हेनो यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की तांबडा प्रकाश देणाऱ्या कणांना अमोनियम क्षारांच्या संपर्कातून नायट्रोजनचा आणि हवेतून ऑक्सिजनचा किंचित अंश मिळाला, की त्याच कणांचा प्रकाश निळा होतो, गाभ्याचा आकार न बदलता. द्रावणात कण बनवण्याच्या अनेक पद्धतींत असे क्षार वापरले जातात, आणि त्या पद्धतींनी बनलेले कण बहुधा निळेच का निघत, याचा उलगडा त्यातून झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी एकाच जातीच्या कणांवर अमाइन, अल्काइल, फॉस्फरसयुक्त असे वेगवेगळे गट बसवून निळ्यापासून तांबड्यापर्यंत रंग मिळवले. ठाण्याच्या वाचकांना यातच उत्तर मिळेल: दोन्ही लेखांतील कणांचा आकार सारखा असू शकेल, त्यांची कातडी सारखी नव्हती.

प्रकाश कोठून येतो हे ओळखण्याची एक साधी कसोटी म्हणजे तो किती वेळ टिकतो हे पाहणे. गाभ्यातील कोंडलेल्या जोडीचा तांबडा प्रकाश मायक्रोसेकंदांत विरतो, तर पृष्ठभागावरील गटांचा निळा प्रकाश नॅनोसेकंदांत. 'निळे सिलिकॉन डॉट' असे शीर्षक दिसले की मी चित्रे पाहण्याआधी हा आकडा शोधतो. त्याबरोबर आणखी एक चाचणी हवी, ती म्हणजे सिलिकॉन न घालता तीच सगळी प्रक्रिया करून पाहण्याची. सेंद्रिय द्रावक आणि अभिकर्मके तापवली की कार्बनयुक्त निळे उजळणारे पदार्थ आपोआप तयार होतात, आणि सिलिकॉनच्या नावावर जमा झालेला बराचसा निळा प्रकाश मुळात त्यांचाच असू शकतो. ही रिकामी चाचणी न केलेला निळ्या रंगाचा दावा मी स्वीकारत नाही, मग तो कितीही नामांकित नियतकालिकात छापलेला असो.

आणखी एक सुरेख कसोटी बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २००८ मध्ये वापरली. त्यांनी ऑक्साइडमध्ये रुतलेले सिलिकॉन कण ५० टेस्लापर्यंतच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात ठेवले. जोडी कणभर पसरलेली असेल तर चुंबकीय क्षेत्र तिला दाबते आणि प्रकाशाची ऊर्जा किंचित वाढते. प्रकाश एका अणूभोवतीच्या दोषातून येत असेल तर दाबण्यासारखे काही नसते आणि ऊर्जा हलत नाही. सुरुवातीला ऊर्जा हलली नाही, म्हणजे प्रकाश दोषांचा होता. हायड्रोजनने दोष बुजवल्यावर ती हलू लागली. नंतर अतिनील प्रकाशाने हायड्रोजन सुटा केला, आणि प्रकाश पुन्हा दोषांचा झाला. एकाच नमुन्यात गाभा आणि कातडी यांनी आळीपाळीने दिवा हाती घेतलेला पाहायला मिळणे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : पृष्ठभागावरचा हायड्रोजन काढून तेथे कार्बनची साखळी बसवतात म्हणजे नक्की काय करतात? कॅडमियम सेलेनाइडप्रमाणे कणावर जस्त सल्फाइडचे कवच का चढवत नाहीत?
— एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक अंशतः आयनिक असतो. त्याच्या पृष्ठभागावर लिगंड, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणारे रेणू, सैलसर बसतात, उठतात, पुन्हा बसतात, आणि जस्त सल्फाइडचा स्फटिक त्याच्या जाळीवर थरावर थर वाढू शकतो. १९९६ पासून हे कवच रूढ आहे. सिलिकॉनचे बंध पूर्णपणे सहसंयुज आणि ठरावीक दिशांना रोखलेले असतात. त्याच्या हाताला जे द्यायचे ते रासायनिक बंधानेच द्यावे लागते. एकदा धरले की तो सहजासहजी सोडत नाही. म्हणून येथे कवचाऐवजी सिलिकॉन-कार्बन बंध हा राजमार्ग ठरला आहे.

त्या अभिक्रियेला हायड्रोसिलिलेशन म्हणतात. पृष्ठभागावरील सिलिकॉन-हायड्रोजन बंध एखाद्या अल्कीनच्या, म्हणजे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनच्या, दुहेरी बंधावर बेरजेने जोडला जातो. हायड्रोजन एका कार्बनकडे जातो, सिलिकॉन दुसऱ्या कार्बनला धरतो आणि साखळी कणावर केसासारखी उभी राहते. आपल्या शब्दांत थोडी दुरुस्ती हवी: हायड्रोजन काढून टाकला जात नाही, तो साखळीतच सामावला जातो.

प्रयोगशाळेत हे कसे दिसते तेही सांगतो, कारण पुस्तकातील समीकरणात ते दिसत नाही. एक प्रचलित पद्धत अशी. हायड्रोजन सिल्सेसक्विऑक्सेन या पांढऱ्या घन पदार्थाला ५ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये ११०० अंश सेल्सिअसला तासभर तापवतात. मिळणारा तपकिरी पदार्थ म्हणजे सिलिका आणि तीत रुतलेले सुमारे ३ नॅनोमीटरचे सिलिकॉन कण. तापमान आणखी वाढवले तर कण मोठे होतात. तो खलात घोटून बारीक करायचा, मग हायड्रोफ्लुओरिक आम्ल, इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात ढवळायचा. सिलिका विरघळते आणि कण अंगावर हायड्रोजन लेवून मोकळे होतात. त्यांना आता पाणी नको असते. टोल्युइन ओतले की ते आम्लाच्या थरातून वर टोल्युइनमध्ये चढतात.

मी स्वतः हे प्रथम पाहिले तेव्हा लक्षात राहिले ते पुढचे दृश्य. हायड्रोजन ल्यालेले कण नीट विरघळत नाहीत. एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून द्रव गढूळ, पहिल्या पावसानंतरच्या ओढ्यासारखा दिसतो. त्यात १२ कार्बनांची डोडेसीन घालून, आर्गॉनच्या बुडबुड्यांनी ऑक्सिजन हुसकून, १९० अंशांना रात्रभर तापवत ठेवले. सकाळी चंबूच्या मागे धरलेली वही त्या द्रवातून वाचता येत होती. द्रवाचा रंग नारिंगी-तपकिरीच राहिला होता, गढूळपणा तेवढा गेला होता, कारण आता प्रत्येक कणावर साखळ्यांची झालर होती आणि कण एकमेकांपासून सुटे झाले होते. अभिक्रिया झाली की नाही हे सांगायला त्या क्षणी कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती.

उपकरण अर्थातच हवे. अवरक्त वर्णपटात २१०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे सिलिकॉन-हायड्रोजनचे शिखर खचते, २९०० च्या आसपास कार्बन-हायड्रोजनची शिखरे उभी राहतात, आणि १००० ते ११०० मधला रुंद उंचवटा वाढला असेल तर ऑक्सिजन आत शिरला आहे असे समजावे. २१०० चे शिखर पूर्णपणे नाहीसे होईल अशी अपेक्षा मात्र धरू नका. साखळ्यांना जाडी असते. सपाट सिलिकॉन पृष्ठभागावर त्या साधारण निम्म्याच जागा व्यापू शकतात. उरलेल्या जागी हायड्रोजन तसाच राहतो, साखळ्यांच्या आडोशाला, आणि ऑक्सिजनला तेथे पोचायला वेळ लागतो. हे सगळे हवा पूर्णपणे टाळून केले तर फळ चांगले मिळते: अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्लाझ्मा, म्हणजे आयनित वायू, वापरून बनवलेल्या आणि अशा साखळ्या बसवलेल्या कणांनी २००६ मध्ये ६० टक्क्यांहून अधिक क्वांटम उत्पन्न दिले, म्हणजे शोषलेल्या १०० फोटॉनांमागे ६० हून अधिक बाहेर आले. आधीच्या उत्तरातील गळकी घागर आठवली तर या आकड्याचे महत्त्व ध्यानात येईल.

प्रश्न : कॅडमियमचे कण एवढे चांगले असताना सिलिकॉनसाठी एवढी खटपट कशाला? पुढे टीव्हीच्या पडद्यात सिलिकॉन डॉट येतील का?
— वाचक, मडगाव

उत्तर : टीव्हीच्या पडद्यात ते येतील असे मला वाटत नाही. पडद्याला शुद्ध, अरुंद रंगछटा लागते, आणि सिलिकॉन कणांच्या प्रकाशाचा पट्टा सहसा १०० नॅनोमीटरहून रुंद असतो. कॅडमियम सेलेनाइडचा २५-३० असतो. खटपटीचे कारण दुसरीकडे आहे. कॅडमियम विषारी आहे आणि युरोपीय संघाच्या नियमांनी विद्युत उपकरणांतील त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्यावर बांधले आहे. सिलिकॉनचे कण शरीरात विरघळून ऑर्थोसिलिसिक आम्ल होतात आणि ते मूत्रावाटे बाहेर टाकले जाते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उजळणाऱ्या सच्छिद्र सिलिकॉन कणांनी उंदरांतील अर्बुदांचे चित्रण करून हे दाखवले. शरीरात ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही असल्यामुळे तेथेही प्रश्न पृष्ठभागाचाच येतो, फक्त उलट बाजूने: कण चित्र घेईपर्यंत टिकावा आणि नंतर विरघळावा, इतपतच त्याला झाकायचे असते. खिडकीच्या काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यात सिलिकॉन कण मिसळून शोषलेला प्रकाश तक्त्याच्या कडेला बसवलेल्या सौरघटांकडे वळवण्याचे प्रयोगही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. तेथे रुंद पट्टा आड येत नाही, आणि शोषण व उत्सर्जन यांतील मोठे अंतर उपयोगीच पडते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एक लहान वर्णपटमापक आहे. विद्यार्थ्यांसाठी सिलिकॉन डॉटचा काही प्रयोग करता येईल का?
— पदवी महाविद्यालयातील प्राध्यापक, रत्नागिरी

उत्तर : कण बनवण्याचा प्रयोग करू नये, हे मी अगदी निक्षून सांगतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, हा त्याचा लहान दुर्गुण आहे. ते कातडीतून आत उतरते, कधी कधी तासन्‌तास न दुखता, आणि शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. त्याने हृदय बंद पडू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी, प्रशिक्षित माणूस शेजारी आणि योग्य धूरपेटी (विषारी वाफा बाहेर खेचणारी बंदिस्त जागा, फ्यूम हूड) नसेल तेथे त्याची बाटली उघडूच नये.

परंतु एखाद्या संशोधन संस्थेकडून डोडेसिल, म्हणजे १२ कार्बनांच्या, साखळ्यांनी झाकलेले तयार कण टोल्युइनमध्ये मिळवता आले, तर चांगला प्रयोग होईल. तो द्रव दोन कुप्यांत वाटून घ्या. एक कुपी आर्गॉन किंवा नायट्रोजन भरून घट्ट बंद करा. दुसरी हवेत उघडी, पण धूरपेटीत आणि अंधारात ठेवा, आणि उडून जाणारे टोल्युइन भरून काढत राहा. दर आठवड्याला दोन्हींचा वर्णपट एकाच दिव्याखाली आणि एकाच अंतरावर घ्या. उघड्या कुपीतील शिखर कोणत्या बाजूला सरकेल, हे विद्यार्थ्यांना आधी लिहून द्यायला सांगा, कारण त्याला दोन उत्तरे आहेत. कण ३ नॅनोमीटरहून मोठे असतील तर ऑक्साइड गाभा कुरतडत जाईल, गाभा लहान होईल आणि शिखर निळ्या बाजूला सरकेल. कण त्याहून लहान असतील तर ऑक्सिजनची पातळी उघडी पडेल आणि शिखर तांबड्या बाजूला घसरेल. आपल्या कुपीत दोन्ही जातींचे कण मिसळलेले असणार, त्यामुळे शिखराची जागा आणि त्याची रुंदी हे दोन्ही आकडे प्रत्येक वेळी नोंदवून ठेवावेत.